प्रॉन्गहॉर्नची शिंगं लांबून जोखताना: आधी जाडी, मग उंची

तुम्ही लिहिलंय की पाच वर्षं सोडतीसाठीचे पॉइंट साठवल्यावर यंदा अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये प्रॉन्गहॉर्न या हरणासारख्या प्राण्याच्या नराचा टॅग, म्हणजे शिकारीचा परवाना, लागला. ऑगस्टमध्ये रॉलिन्स गावाच्या उत्तरेला तीन दिवस फिरलात, चाळीसेक नर पाहिले आणि तिसऱ्या दिवशी सगळे सारखेच दिसायला लागले. कुणीतरी सांगितलं, "शिंगं कानाच्या दुपटीहून उंच दिसली की मार." तेवढ्यावर विसंबावं का, आणि शिंगांच्या मोजणीत ८० गुणांच्या (स्कोअरच्या) वर जाणारा नर लांबून ओळखायचा कसा, हा तुमचा प्रश्न.

कानाचा हिशेब खोटा नाही. पण तोच एक हिशेब घेऊन माळावर गेलात तर फसाल. मी फसलोय, ते पुढे सांगतो. गेली एकवीस वर्षं मी इथे वायोमिंगमधल्या कॅस्परला राहतो, त्यातली अकरा वर्षं लोकांनी आणलेली शिंगं फीत लावून मोजतो. माळावर "पंच्याऐंशीचा आहे" म्हणून मारलेला नर टेबलावर चौऱ्याहत्तर भरतो, तेव्हा माणसाचा चेहरा कसा उतरतो ते मी अनेकदा पाहिलंय. बहुतेक वेळा चूक एकच असते: माणूस उंची बघतो, आणि स्कोअर असतो जाडीत.

सुरुवात प्राण्यापासून करू, कारण त्याचं शिंग समजलं तरच ते जोखता येतं. तुम्ही मूळचे कर्जतचे, रेहेकुरीची काळविटं लहानपणापासून बघितलेली. ती नजर इथे अर्धीच उपयोगी पडते. काळविटाचं शिंग एकसंध असतं, फाटा नसतो, आणि ते जन्मभर गळत नाही. प्रॉन्गहॉर्न हा मुळात काळविटाच्या कुळातला नाहीच. अँटिलोकॅप्रिडी या कुळातली आज उरलेली ही एकमेव जात, आणि जिवंत प्राण्यांत तिचे जवळचे नातेवाईक म्हणजे जिराफ आणि ओकापी. त्याच्या शिंगात हाडाचा चपटा गाभा असतो आणि त्यावर केराटिनची खोळ. ही खोळ दरवर्षी माज संपल्यावर, साधारण ऑक्टोबरच्या शेवटापासून गळते आणि खाली नवी वाढायला लागते. फाटा असलेली आणि दरवर्षी टाकून दिली जाणारी शिंगाची खोळ दुसऱ्या कुठल्याही प्राण्याला नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे शिंगावरून वय सांगता येत नाही. डोंगरी मेंढ्याच्या शिंगावर वर्षांच्या रेघा असतात, इथे दरवर्षी पाटी कोरी. तीन वर्षांच्या नराचं शिंग सहा वर्षांच्या नराहून सरस निघू शकतं, त्यामुळे "म्हातारा दिसतोय, म्हणजे मोठा असणार" हा तर्क सोडून द्या. दुसरी गोष्ट, या वर्षीचं शिंग हे या वर्षीच्या हिवाळ्याचं आणि वसंताचं पीक आहे. खोळ हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत वाढते. त्या दिवसांत बर्फ जास्त झालं, अंगावर चरबी उरली नाही, किंवा वसंतात पाऊस न झाल्याने चारा आलाच नाही, तर तोच नर गेल्या वर्षीपेक्षा बारीक शिंगं घेऊन उभा राहतो. आपल्याकडे जिरायती शेतकरी जसा पावसावरून उताऱ्याचा अंदाज बांधतो, तसं इथले जुने लोक मे महिन्यातलं गवत बघून शिंगांचा अंदाज बांधतात, आणि तो सहसा बरोबर येतो.

आता मोजतात काय ते पाहू. बून अँड क्रॉकेट या शिकाऱ्यांच्या क्लबची पद्धत इथे सर्वमान्य आहे. क्लब १८८७ साली थिओडोर रूझवेल्ट यांनी काही मित्रांसह स्थापला, आणि आजची मोजणी पद्धत १९५० पासून चालत आलीय. प्रत्येक शिंगाची सहा मापं इंचांत घेतात: बाहेरच्या वळणावरून लांबी, चार ठिकाणचे घेर आणि फाट्याची लांबी. चार घेरांपैकी पहिला बुंध्याशी. बाकी तीन कुठे घ्यायचे हे ठरवायला लांब शिंगाच्या लांबीचे चार समान भाग करतात आणि पाव, अर्धा, पाऊण या खुणांवर फीत फिरवतात. दोन्ही शिंगांची बेरीज करायची आणि डाव्या-उजव्यातला प्रत्येक मापाचा फरक वजा करायचा. दोन शिंगांमधलं अंतर नोंदवतात, पण स्कोअरमध्ये धरत नाहीत. हे लक्षात ठेवा, कारण रुंद पसरलेली शिंगं डोळ्याला फार भव्य वाटतात आणि त्या रुंदीचे गुण शून्य असतात. क्लबच्या कायमच्या नोंदवहीसाठी ८२ लागतात, तीन वर्षांच्या पुरस्कार-कालावधीच्या नोंदीसाठी ८०. धनुष्यबाणाने केलेल्या शिकारीची नोंद ठेवणाऱ्या पोप अँड यंग क्लबची मर्यादा ६७ आहे. विक्रम ९६ ४/८ चा, न्यू मेक्सिकोतल्या सोकोरो काउंटीतला, २०१३ सालचा.

सहा मापांपैकी चार घेराची आहेत. म्हणजे साधारण अर्धा स्कोअर एकट्या जाडीत असतो. हे मला पुस्तकातून कळलं होतं, पण पटलं ते दोन नरांमुळे.

पहिला माझा स्वतःचा, इथे आल्यावर तिसऱ्या वर्षीचा. शर्ली बेसिनमध्ये एका उंचवट्यावर तो आकाशाला टेकून उभा होता. शिंगं सरळ वर गेलेली, काळीभोर, कानाच्या अडीचपट तरी उंच. मी दोन मिनिटंही पाहिलं नाही. जवळ जाऊन हात लावला तेव्हाच कळलं, बोटांच्या वेढ्यात शिंग सहज मावत होतं. लांबी पावणेसोळा इंच, पण घेर ५.५, ५, ३.५ आणि २.२५, फाटा ४ इंचांचा. एका बाजूचे ३६, दोन्ही मिळून ७२. दुसरा नर काही वर्षांनी एका गृहस्थांनी माझ्याकडे मोजायला आणला, थोडा ओशाळूनच, "आखूड आहे पण आवडला" म्हणत. लांबी फक्त पावणेचौदा. घेर ६.७५, ६.५, ५ आणि ३, फाटा पावणेसहा इंच. एका बाजूचे ४०.७५, दोन्ही मिळून ८१.५, आणि दोन्ही शिंगं इतकी सारखी की वजावट अगदी थोडी. प्रत्येक शिंग दोन इंचांनी आखूड असूनही तो माझ्या नरापेक्षा साडेनऊ इंचांनी वरचढ भरला. त्या दिवसापासून मी माळावर नर दिसला की आधी बुंध्याकडे बघतो आणि शेंड्याकडे सगळ्यात शेवटी.

जाडी लांबून कशी मोजायची? डोळ्याने, म्हणजे त्याच्या डोळ्याने. प्रॉन्गहॉर्नचा डोळा डोक्याच्या मानाने प्रचंड मोठा आणि काळा असतो, आणि शिंग बरोबर त्याच्या वरून निघतं. निसर्गाने मोजपट्टी मापाच्या खालीच ठेवलीय. डोळ्याची रुंदी सुमारे २ इंच धरा. नर बाजूने उभा असताना बुंध्याची रुंदी डोळ्याइतकीच दिसली तर तो सामान्य नर. बुंधा डोळ्याहून स्पष्ट रुंद, साधारण सव्वापट दिसला, म्हणजे अडीच इंच, तर थांबून नीट बघण्यासारखा नर आहे.

इथे एक बारकावा आहे आणि बहुतेक लोक इथेच चुकतात. शिंगाचा बुंधा गोल नसतो, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखा चपटा असतो. त्यामुळे बाजूने तो पट्टीसारखा रुंद दिसतो आणि समोरून काठीसारखा बारीक. बाजूने अडीच इंच आणि समोरून दीड इंच असेल, तर घेर सव्वासहाच्या आसपास येतो. समोरूनही तो जाड दिसला, पावणेदोन इंचांच्या जवळ गेला, तर घेर साडेसहाच्या पुढे सरकतो. म्हणून एकाच बाजूने बघून निकाल देऊ नका. नर वळेपर्यंत थांबा: बाजूने, समोरून, आणि चरायला मान खाली घालून पाठमोरा झाला की मागून. तिन्हीकडून जाड वाटला तरच तो जाड. बाजूने भव्य आणि समोरून बारीक असे नर खूप असतात आणि तेच माणसाला फसवतात.

जाडीनंतर फाटा कुठून निघतो ते बघा. फाटा किती लांब आहे याकडे सगळे बघतात, पण तो कुठे आहे याला माझ्या मते जास्त महत्त्व आहे. फाट्याच्या खाली शिंग रुंद आणि भरीव असतं, फाट्यानंतर ते एकदम निमुळतं होतं. तिसरा घेर लांबीच्या बरोबर मध्यावर घेतात. फाटा मध्याच्या वर असेल तर हा घेर फाट्याखालच्या जाड भागावर पडतो, खाली असेल तर वरच्या निमुळत्या भागावर. खूण नेमकी फाट्याच्या फुगवट्यात आली तर नियमाप्रमाणे ती फाट्याच्या वर सरकवावी लागते, म्हणजे तिथेही नुकसानच. फाट्याची जागा इंचभर वर-खाली झाली की एका शिंगामागे दीड-दोन इंचांचा फरक पडतो, दोन्ही शिंगांत तीन-चार. बाकी दोघं सारखे असूनही एक नोंदवहीत जातो आणि दुसरा जात नाही, तो एवढ्याशा फरकाने.

हे जोखायला कान कामाला येतो. कानाची लांबी सुमारे ६ इंच. कान ताठ उभे असताना फाटा कानाच्या टोकाच्या खालून निघाला तर तो नर मी सहसा सोडून देतो. टोकाच्या बरोबरीने किंवा वरून निघाला तर स्पॉटिंग स्कोप, म्हणजे ट्रायपॉडवरची मोठी दुर्बीण, लावतो. फक्त कान खरंच ताठ आहेत ना ते बघा. सावध नर कान पुढे रोखतो, घाबरलेला मागे पाडतो, आणि दोन्ही वेळा कान आखूड दिसून शिंगं आहेत त्यापेक्षा मोठी वाटतात. रवंथ करत बसलेल्या, निवांत नराचे कान सगळ्यात भरवशाचे.

फाट्याच्या लांबीचं माप शिंगाच्या मागच्या बाजूपासून सुरू होतं, पुढच्या कडेपासून नाही. म्हणजे शिंगाची तिथली रुंदी त्यातच धरली जाते. पुढे आलेला भाग अर्ध्या कानाएवढा, तीन इंच दिसला, तर मागची सव्वादोन इंच रुंदी धरून फाटा सव्वापाचच्या आसपास जातो. टोकाशी आत किंवा वर वळलेला असेल तर अजून थोडा. हे माप फक्त बाजूनेच जोखता येतं. समोरून फाटा तुमच्याकडे रोखलेला असतो आणि त्याची लांबी कुणालाच कळत नाही.

आता उंची. ८० च्या वरच्या नरांची लांबी बहुधा चौदा ते सोळा इंचांत असते. कानाच्या दुपटीने बारा इंच होतात, म्हणजे तुम्हाला सांगितलेला नियम मुळात फार ढिला आहे. त्यात सत्तरीचे नरही बसतात. अडीचपट म्हणजे पंधरा. पण मोजणी वळणावरून होते, त्यामुळे शेंडा कसा आहे ते बघायलाच हवं. सरळ वर गेलेलं शिंग आहे तेवढंच. आत किंवा मागे आकड्यासारखं वळलेलं शिंग आखूड दिसतं, पण आकड्यात तीन-चार इंच लपलेले असू शकतात. समोरून बदामाच्या आकाराची, टोकं आत झुकलेली शिंगं नवख्या माणसाच्या नजरेतून नेहमी सुटतात. तसंच पुढे झुकलेल्या टोकांचं: समोरून ती तुमच्या दिशेने आलेली असल्याने निम्मी नाहीशी होतात.

आणखी एक, काही नरांची टोकं हस्तिदंतासारखी पांढरी असतात. उजळ आकाशापुढे ती दिसतच नाहीत आणि इंचभर लांबी हिशेबातून निसटते. उलट, काळ्या टोकाचं शिंग आकाशरेषेवर आहे त्याहून मोठं दिसतं. शर्ली बेसिनमध्ये माझं तेच झालं. आकाशाला टेकलेल्या नराबद्दल कधीच निर्णय घेऊ नका. तो खाली उतरून सेजब्रशच्या झुडपांच्या राखाडी पार्श्वभूमीवर येऊ दे.

माजाच्या दिवसांत दोन्ही टोकं शाबूत आहेत का तेही तपासायचं. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत नर एकमेकांशी जिवाच्या आकांताने झुंजतात. एका शिंगाचं टोक दोन इंच तुटलं तर ते दोन इंच गेलेच, वर फरक म्हणून आणखी दोन वजा होतात. एका बाजूने अप्रतिम दिसलेला नर वळल्यावर डाव्या शिंगाला फाटाच नाही, असं माझ्या डोळ्यांसमोर झालंय.

हे सगळं कधी बघायचं? सूर्योदयापासून साडेनऊ-दहापर्यंत, आणि मग संध्याकाळी. मधले तास फिरायला ठीक आहेत, जोखायला नाहीत. कारण दुपारच्या झळा. आपल्या भाषेत त्यांना मृगजळ म्हणतात, आणि या माळावर तो शब्द अगदी अक्षरशः खरा होतो: दुपारी जमिनीवरून उठणाऱ्या झळांत मृगच पाण्यासारखा हलतो, शिंगं लांबतात, जाड होतात, तुटतात, पुन्हा जुळतात. साठपट मोठं करणारा स्कोप झळाही साठपट मोठ्या करतो. सकाळी सूर्य पाठीशी घ्या, ट्रायपॉड खाली बसवून स्कोप पंचवीस-तीसपटीवर ठेवा, आणि अंतर शक्यतो पाचशे ते आठशे यार्डांत ठेवा. त्याहून जवळ गेलात तर त्याचं लक्ष तुमच्याकडे जातं. या प्राण्याची सगळी भिस्त नजरेवर आणि पायांवर आहे. ताशी ऐंशी किलोमीटरच्या पुढे धावणारा प्राणी लपण्याची तसदी घेत नाही, तो फक्त अंतर राखतो.

मोबाइल स्कोपला लावून फोटो काढा, आणि खूप काढा. ही सोय मी शिकलो तेव्हा नव्हती, आणि आजच्या नवख्या माणसाला यासारखी दुसरी मदत नाही. बाजूने, कान ताठ असलेला एक फोटो निवडा, पडद्यावर मोठा करा, कानाची लांबी साध्या पट्टीने मिलिमीटरमध्ये घ्या, मग त्याच पट्टीने शिंगाचा बुंधा, फाट्याची उंची आणि एकूण लांबी. कान ३० मिलिमीटर आला तर ५ मिलिमीटर म्हणजे एक इंच. हा हिशेब गाडीत बसून, चहा पीत, शांतपणे करता येतो. डोळ्यासमोर मोठा नर उभा असताना छाती धडधडत असते, त्या वेळी माणूस स्वतःला हवं तेच बघतो. फोटोला ती घाई नसते.

तुम्हाला सगळे सारखे वाटले, यात नवल काही नाही. पहिल्या तीन दिवसांत कुणालाच फरक दिसत नाही. उपाय एकच, स्वतःची मोजपट्टी तयार करणं. पहिला दिवस बंदूक गाडीतच राहू द्या. जमतील तेवढे नर बघा आणि प्रत्येकाबद्दल वहीत चारच गोष्टी लिहा: बुंधा डोळ्याच्या किती पट, फाटा कानाच्या टोकाच्या वर की खाली, फाटा किती पुढे आलाय, शेंडा सरळ की वळलेला. आकडा लिहायची घाई नको. तीसेक नरांनंतर नजर आपोआप बसते, आणि मग जेव्हा खरंच वेगळा नर समोर येतो तेव्हा तो ओरडून सांगतो. चाळीस नरांतल्या कुणाबद्दलच तसं वाटलं नसेल, तर त्या चाळिसांत तो नसण्याचीच शक्यता जास्त.

मोठा नर सापडला आणि लगेच संधी मिळाली नाही तरी हातातून गेला असं समजू नका. माजाच्या दिवसांत नर आपला भाग आणि आपल्या माद्या सोडून फार लांब जात नाही. हुसकला तरी मोठा वळसा घालून बहुधा दुसऱ्या दिवशी त्याच पाणवठ्याच्या, त्याच उंचवट्याच्या आसपास सापडतो. धावत्या कळपावर गोळी झाडायचं तर मनातही आणू नका. जोखताही येत नाही आणि मागची मादी जखमी होते. माद्यांनाही शिंगं असतात, बरं का, पण ती बहुतेक कानाहून आखूड आणि बिनफाट्याची. नराची खात्रीची खूण म्हणजे जबड्याखाली कानाच्या बाजूचा काळा डाग आणि नाकावरचा काळा मुखवटा.

आता ८० या आकड्याबद्दल मला मनापासून एक सांगायचंय. वायोमिंगच्या सरकारी माळावर पूर्ण वाढलेला नर बहुतेक वेळा पासष्ट ते बहात्तरच्या दरम्यान असतो. पंचाहत्तरचा नर ही अभिमानाने दाखवावी अशी गोष्ट आहे, आणि ऐंशीचा नर काही माणसांना आयुष्यभरात एकदाही दिसत नाही. त्यात २०२२-२३ च्या हिवाळ्याने राज्याच्या नैर्ऋत्य भागात हाहाकार केला होता. बर्फाखाली चारा गेला, पाइनडेलजवळ मायकोप्लाझ्मा बोविस या जिवाणूमुळे न्यूमोनियाची साथ आली, आणि तिथल्या सब्लेट नावाच्या कळपातले निम्म्याहून जास्त प्राणी गेले. मार्चमध्ये रस्त्याकडेच्या तारेच्या कुंपणाला लागून मेलेले नर मी पाहिलेत. प्रॉन्गहॉर्न कुंपणावरून सहसा उडी मारत नाही, खालून सरपटतो, आणि बर्फ साचलं की खालची वाट बंद होते. अशा भागात कळप सावरायला वर्षं लागतात. त्यामुळे तुमच्या विभागाची अलीकडची हिवाळ्यातली स्थिती राज्याच्या वन्यजीव विभागाच्या जीवशास्त्रज्ञाला फोन करून आधी विचारा. ते लोक आनंदाने बोलतात, आणि कुठल्या बाजूला मे-जूनमध्ये पाऊस बरा झाला हेही सांगतात. शिंगांसाठी मला याहून कामाची माहिती दुसरीकडे कधी मिळालेली नाही.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकार बंद आहे, आणि काळविटाच्या बाबतीत ते योग्यच झालं असं मी मानतो. म्हणून इथल्या मराठी मित्रांना कधीकधी शिंगं मोजण्याचा हा सगळा खटाटोप खटकतो. पण या देशात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रॉन्गहॉर्न संपणार अशीच भीती होती. तो परत आला त्यामागे शिकारीवरचे कडक निर्बंध होते, आणि शिकाऱ्यांच्याच परवान्यांचा पैसा, तसंच १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने वन्यजीवांसाठी वळवलेला बंदुका-काडतुसांवरचा करही होता. भरीव, दोन्ही बाजूंनी सारखं शिंग म्हणजे त्या वर्षी त्या माळाने एका प्राण्याला पोटभर खायला घातलं याची पावती आहे. मी मोजतो ते त्यासाठी. आणि म्हणूनच, जो नर बघून तुमचं मन भरलं तो अडुसष्टचा असला तरी मारायला हरकत नाही. फक्त तो अडुसष्टचा आहे हे माहीत असताना मारा, ऐंशीचा समजून नको.

नर पडल्यावर शिंगांपेक्षा मांसाची घाई करा. सप्टेंबरमध्ये दुपारी पारा तिशीला टेकतो. लगेच आतडी काढा, शक्य तितक्या लवकर कातडी उतरवा आणि मांस बर्फात ठेवा. "प्रॉन्गहॉर्नला उग्र वास येतो" असं म्हणणाऱ्या लोकांनी बहुतेक तो गाडीच्या टपावर तासन्‌तास उन्हात फिरवलेला असतो. नीट थंड केलेलं हे मांस मला इथल्या सगळ्या हरणांपेक्षा आवडतं. घरी आम्ही त्याचं सुक्कं करतो, कांदा-खोबऱ्याच्या वाटणात, तेल थोडं जास्त घालून, कारण त्याला स्वतःची चरबी फार कमी असते.

शिंगं उकळताना खोळ गाभ्यावरून निघून येते, घाबरू नका, मोजणी खोळीचीच होते. डावी-उजवी खूण करून ठेवा. त्याच दिवशी कपड्याची फीत लावून जो आकडा येईल तो स्वतःपुरता लिहून ठेवा. अधिकृत मोजणी साठ दिवस घरातल्या साध्या हवेत वाळल्यावरच होते, आणि तोवर थोडं आक्रसतंच. साठ दिवस झाले की कॅस्परला या. येताना माळावर लिहिलेली वहीही आणा, म्हणजे तुमचा अंदाज आणि फितीचा आकडा शेजारी ठेवून बघता येईल.